लाईन सोडू नको, अक्का

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. दीपनगरच्या वीजकेंद्रात माझी सगळी नोकरी तारांच्या संगतीत गेली. तारेतून काय वाहतं आणि काय वाहत नाही, ते मला कळतं. तरीही हे जसं घडलं तसंच सांगतो.

मला जुन्या टेलिफोनचा नाद. ते काळे, पाट्यासारखे जड फोन! रिसीव्हर उचलला की हाताला वजन कळायचं. तबकडी फिरवून सोडली की ती करकर करत परत यायची, त्या आवाजावर मी जीव टाकायचो. नव्वदच्या सुमारास बटणांचे हलके फोन आले आणि लोकांनी जुने भंगारात घातले. मी ते आणायचो, घासूनपुसून त्यांची घंटा बोलती करायचो. बायको म्हणायची, "घरात माणसांपेक्षा फोन जास्त झाले."

माझ्याबरोबर कामाला गिरधर होता. त्यानं सांगितलं, "आमच्या काकांच्या कापसाच्या बंद जिनिंगमध्ये हँडल फिरवायचा फोन पडलाय. हवा तर घेऊन जा."

हँडलचा! तसला माझ्याकडे एकही नव्हता. मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही पॅसेंजरनं नरडाण्याला उतरलो आणि स्टेशनबाहेर भाड्यानं घेतलेल्या सायकलवर डबलसीट त्याच्या गावी गेलो.

जिनिंग गावाबाहेर, माळावर. वीसेक वर्षांपूर्वी तिथं आग लागली होती, तेव्हापासून बंद. दुपारचं ऊन असं, की झाडाची सावलीही खोडाला चिकटून उभी होती. कुठं पाखराचा आवाज नाही. ऑफिसची खोली मात्र शाबूत होती. टेबलावर धुळीखाली तो बसला होता. काळाभोर, बाजूला पितळी हँडल, कापडी वेणीची दोरी. मी तर हरखून गेलो.

"बांधायला गोणपाट आणतो," म्हणत गिरधर बाहेर गेला.

भिंतीतून येणारी तार उंदरांनी कधीच कुरतडून टाकली होती. तिचं टोक माझ्या पायाशी लोंबत होतं. सवयीनं मी रिसीव्हर उचलून कानाला लावला.

आत कोणीतरी श्वास घेत होतं.

मी हललो नाही. वारा असेल म्हणालो. पण वारा नव्हता. मग चरचर ऐकू आली, तव्यावर मीठ टाकल्यासारखी, आणि नाकात जळक्या रुईचा वास शिरला. आणि अगदी जवळून, एका पुरुषाचा आवाज...

"अक्का... लाईन सोडू नको..."

मी रिसीव्हर खाली ठेवला. तार पुन्हा तपासली. तुटलेलीच. फोन उलटा करून पाहिला, आतल्या बॅटऱ्या केव्हाच कुणीतरी काढून नेलेल्या. पुन्हा उचलला.

"अक्का... शेस ना?" आहेस ना, असं अहिराणीत विचारत होता.

तेवढ्यात गिरधर दारात आला. मी रिसीव्हर त्याच्या कानाला लावला. त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. गोणपाट हातातून गळालं.

"निंबादादा..." एवढंच तो पुटपुटला.

बाहेर लिंबाखाली बसून त्यानं सांगितलं. निंबा इथला राखणदार. आग लागली तेव्हा रुईच्या गाठींनी दार अडलं आणि तो ऑफिसात कोंडला गेला. त्यानं हँडल फिरवलं. गावच्या एक्सचेंजवर तेव्हा ऑपरेटर होती कमलअक्का, गिरधरची थोरली बहीण. निंबा एकच सांगत होता, लाईन सोडू नको. पण धुळ्याहून बंब बोलवायचा तर दुसऱ्या लाईनवर जावंच लागणार. "जराशीक थांब, भाऊ," म्हणून अक्का गेली. परत आली तेव्हा निंबा धुरानं गुदमरून गेला होता, लाईनवर नुसती चरचर उरली होती.

"त्यानंतर तिनं फोनला हात लावलेला नाही," गिरधर म्हणाला. "नोकरी सोडली. लग्नही केलं नाही. चल, हे इथंच राहू दे."

"नाही," मी म्हणालो. "ज्याला जिच्याशी बोलायचंय, तिच्या हातात द्यायचं. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

मला खरंच तसं वाटत होतं. फोन गोणपाटात गुंडाळून मी कॅरिअरवर बांधला.

कमलअक्का ओसरीवर डाळ निवडत होती. कृश बाई, पांढरे केस, नजर स्थिर. मी फोन तिच्यापुढं ठेवला आणि कशाचीही सारवासारव न करता ऐकलेलं सांगितलं. तिनं पदराला हात पुसले, मांडी घालून नीट बसली आणि रिसीव्हर उचलला.

आम्हाला काही ऐकू येत नव्हतं.

"मी शे ना, निंबा," ती म्हणाली. "आठेच शे. बंबले सांगाले गयथू रे... तुले सोडीसन नही गयथू."

ती ऐकत राहिली. डोळ्यांतून धार लागली होती, पण आवाज फुटला नाही.

"हा... हा, भाऊ. आते सोडस मी. जाय तू."

गिरधर माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होता. मला वाटलं, झालं. सुटला तो माणूस, आणि ही बाईही.

पण अक्कानं रिसीव्हर ठेवला नाही.

तिनं मान किंचित तिरकी केली. डोळे पुसले. पाठ ताठ झाली. मग ती बोलली ती आमच्या अहिराणीत नाही, तर एक्सचेंजवरच्या स्वच्छ, तरण्या आवाजात.

"हॅलो... हो, ऐकू येतंय. कुठला नंबर हवा, ताई?"

गिरधरनं डोकं वर उचललं. "अक्का, कोन शे?"

तिनं हातानंच त्याला गप्प केलं. "घाबरू नका. आग कुठं लागलीय ते सांगा... गाव सांगा... बरं. आणि तारीख?"

ती ऐकत होती. ओसरीवर पुन्हा तो वास आला, पण रुईचा नव्हे. काहीतरी वेगळंच जळत होतं.

"नाही हो, ताई," अक्का हळूच म्हणाली. "ते साल अजून यायचंय."

मग माउथपीसवर तळहात ठेवून तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं असावं, मी गाव विचारीन, साल विचारीन.

मी काहीच विचारलं नाही. सायकल घेतली आणि स्टेशनचा रस्ता धरला.