फक्त डिझेल

गाडी गचके खात आली आणि नेमकी आप्पा आणि त्यांची मेकॅनिक लेक चालवत असलेल्या गॅरेजच्या दारात बंद पडली. आतून जनावरांचा डॉक्टर उतरला, ओशाळलेला. पठ्ठ्याने डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलं होतं! जुनी गाडी पेट्रोलची होती, हाताला तीच सवय... असं काहीबाही तो पुटपुटला.

तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. गायीला मांजराचं औषध देता का, असंही विचारलं.

"नाही. पण गाय निदान लाथ मारून सांगते."

तिला हसू आवरेना. टाकी रिकामी करून तिने झाकणावर लाल अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: फक्त डिझेल.

त्यानंतर गाडीला सारखं काहीतरी व्हायला लागलं. कधी आरसा हले, कधी एक आवाज येई, जो त्याच्याशिवाय कुणालाच ऐकू येत नसे. गाडी ठणठणीत आहे, डॉक्टरच आजारी दिसतात, असं तिचे आप्पा हातातल्या पान्याला सांगत. तिलाही सगळं कळत होतं हो! पण तो बोलेना आणि हिची जीभ रेटेना.

अशात त्याची बदली झाली. तीनशे किलोमीटर लांब, सोमवारी हजर व्हायचं. रविवारी सकाळी तो निरोप घ्यायला आला आणि वाटेपुरतं डिझेल मागितलं. तिने कॅन उचलला. आता बोलेल, मग बोलेल म्हणत ती ओतत राहिली... आणि तो आपला बुटांकडे बघत उभा. कॅन संपला तेव्हा कुठे तिच्या नाकात वास शिरला.

पेट्रोल. बारा वर्षांच्या कामात पहिल्यांदाच.

"किल्ली फिरवू नका," ती म्हणाली.

त्याने कॅन पाहिला, झाकण पाहिलं. "चिठ्ठी तर तुमच्याच हातची आहे."

"चिठ्ठी दिसलीच नाही. तुम्ही जाताय, एवढंच दिसत होतं." तिने मान वर केली. "मला तुम्ही हवे आहात — झालं, बोलले एकदाचं."

त्याने बाह्या सरसावल्या.

"टाकी रिकामी व्हायला किती वेळ लागेल?"

"दीड तास."

"मग आप्पांशी बोलून होईल. महिनाभर आरशाचं निमित्त काढून त्याचसाठी येत होतो... आणि तिकडेही मेकॅनिक लागतोच, लोक टाकीत भलतंच भरतात, मी चौकशी केली आहे."

आतून आप्पांचा आवाज आला, घाई करू नकोस गं, टाकी सावकाश रिकामी कर.