इंजिनासकट

हॉलमध्ये आपलीच रचना वाजते आहे, हे कळायला कीर्तनाला पुरतं अर्धं मिनिट लागलं.

सहा दिवस पहाटेची बस पकडून ती चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर गेली होती. मच्छीमारांच्या होडीचं डिझेल इंजिन तिनं रेकॉर्ड केलं आणि त्या धडधडीच्या पोटात आपलं गुणगुणणं मिसळलं. विद्यापीठात संगीतरचना शिकताना शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी केलेलं हे काम. आता मात्र इंजिन गायब होतं. उरला होता तिचा धुतल्यासारखा गोड आवाज, आणि खाली... कोणीतरी घातलेला ताल.

"कुणी केलं हे?" ती दात-ओठ खात पुटपुटली. चेन्नईच्या या हॉलमध्ये आपलं मराठी कोणाला कळणार नाही, या भरवशावर.

"मी," शेजारून उत्तर आलं. मांडीवर बोटांनी ठेका धरलेला एक मुलगा तिच्याकडे बघून हसत होता. "तुम्ही मराठी? मी उदयसिंह, कोल्हापूरचा. सगळ्यांचं मिक्सिंग माझ्याकडं होतं. यात इंजिनाचा एवढा गोंगाट होता की... काढून टाकला. आता छान वाटतंय ना?"

"तो गोंगाट माझा होता."

त्याची बोटं थांबली.

तेवढ्यात टाळ्या पडल्या. श्रीदेवी मॅडम कौतुकानं इंग्रजीत म्हणाल्या, "कीर्तना, तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकत राहावंसं काही केलंस. डिसेंबरच्या कार्यक्रमात हेच वाजवू."

कीर्तनाच्या कानांतून वाफा निघाल्या. ज्या शब्दांसाठी ती तीन वर्षं झुरली, ते मिळाले, पण भलत्याच गाण्याला. गप्प बसली असती तर पहिला नंबर तिचाच होता. ती उभी राहिली.

"मॅडम, हे माझं नाही. माझं यांनी पुसलं."

उदयसिंह लगेच उठला. "चूक माझी आहे, मॅडम. मी न विचारता बदललं. मूळ फाइल आहे माझ्याकडे. तीच ऐका."

मूळ रचना लागली. पुढच्या रांगेतल्या दोघींनी कान झाकले, मागचे चौघे उठून गेले. मॅडमनी गुण कमी केले आणि कार्यक्रमाच्या यादीतून नाव खोडलं.

बाहेर भर दुपारच्या उन्हात त्यानं तिला गाठलं.

"माफ करा. खरं सांगू का? गोंगाट होता म्हणून नाही काढलं मी. त्याच्यामागं कोणीतरी गात होतं... आठवडाभर मी तेवढंच ऐकत होतो. अजून जवळून ऐकावंसं वाटलं."

हे ऐकायला कीर्तनाला आवडलं, आणि त्यामुळे ती आणखीच भडकली.

"कोवलमच्या बायका इंजिनावर आवाज चढवून बोलतात, भांडतात, गातात. त्यांच्यासाठी कोणी इंजिन बंद करत नाही. मीही तशीच आहे. ऐकायचं तर तशी ऐका, नाहीतर पो. पुन्हा तोंड दाखवू नका."

'पो' म्हणजे चालता हो, एवढं तमिळ दोन वर्षांत त्याला आलं होतं. तो गेला.

खरंच गेला. कॅन्टीनमध्ये दिसेना, जिन्यात दिसेना. कीर्तना मिक्सिंगच्या स्टुडिओच्या दारावरच्या काचेतून दिवसातून तीनदा आत डोकावायची आणि स्वतःवरच चरफडत परतायची. घरी तिनं ताट आपटलं, तेव्हा तिचे वडील अनंतराव म्हणाले, "कोणावर राग काढतेस, बाळ?"

"कोणावर नाही, अप्पा," ती म्हणाली, आणि जेवण अर्धंच टाकून उठली.

नवव्या दिवशी तो सापडला. वाचनालयामागच्या टपरीवर एकटाच कॉफी घेऊन बसला होता. तिनं समोरचं स्टूल खर्रकन ओढलं.

"आठ दिवस कुठे होतास?" तुम्हीचं तू कधी झालं, तिला कळलंच नाही.

"इथंच. तुम्हीच म्हणालात, तोंड दाखवू नका."

"मी शंभर गोष्टी म्हणते. सगळ्या ऐकायच्या असतात?"

"एकदा स्वतःच्या मनानं वागलो, तुमचे गुण गेले. आता विचारल्याशिवाय काही करत नाही." तो जरा घुटमळला. "मग... विचारू एक? तुला मी आवडतो का?"

टपरीवाल्यानं हातातलं भांडं तसंच धरून त्यांच्याकडे पाहिलं. मराठी त्याला कळत नसलं तरी तिचा चेहरा कळत होता.

"आवडतोस," कीर्तना फणकारली. "गुण गेले तेव्हा आला नाही एवढा संताप मला याचा येतोय. आठ दिवस... धड जेवू देत नाही, झोपू देत नाही. आणि हा इथे निवांत कॉफी पितोय."

"निवांत नाही," तो हळूच म्हणाला. "तासभर झाला. एक घोट घेऊन बसलोय."

तिनं ती कॉफी स्वतःकडे ओढली. थंड झालेली, साखर कमी, वर त्याची उष्टी. ती तिनं रागारागानं शेवटच्या थेंबापर्यंत प्याली, आणि उठली मात्र नाही.