साखळी धरून ठेवा

बस. ती खुर्ची डुगडुगते, पण सवय होते. कालपर्यंत तिच्यावर चष्मिस बसायचा, आज तू आलीस. मालक जाताना सांगून गेलेत, नवीन मुलीला काम शिकव. शिकवतो. फक्त माझ्या उजव्या हाताकडे बघू नकोस. त्याचं नंतर सांगतो.

काम सोपं आहे. समोरच्या फळ्यांवर फोन रचलेत, त्यातला एक घ्यायचा. मालक सांगतील तो गेम उतरवायचा. सध्या सगळे साहसी गेमच येतायत, गुहा, बुडालेलं जहाज, हरवलेला राजवाडा. पहिला टप्पा पार होईपर्यंत खेळायचं, कारण त्याआधी दिलेले तारे कंपनी धरत नाही. मग पाच तारे. मग कौतुकाच्या दोन ओळी. 'हातात घेतला की खाली ठेववत नाही' असं लिहू नकोस, फार वेळा झालंय. मग फोन फळीवर, दुसरा उचलायचा. लोक घरी बसून चांगले गेम शोधतात आणि आपण चांगले ठरवलेले उतरवून घेतात. मालक याला विश्वासाचा धंदा म्हणतात. त्यांच्या पिढीला असे शब्द फार आवडतात.

फोन जुने का, असं विचारशील. नव्या खात्याचे तारे खोटे म्हणून काढून टाकतात. खातं मुरलेलं लागतं. म्हणजे कुणीतरी त्यावरून कधी चपला मागवल्या, कधी रस्ता विचारला, कधी कुणाच्या लग्नाचे फोटो ठेवले. अशी खाती कुठे मिळतात सांगू? मेलेल्या माणसाचं खातं कोणी बंद करत नाही. घरचे आधी रडण्यात असतात, मग आवरण्यात. फोन जुना माल घेणाऱ्याकडे जातो, तिथून आपल्याकडे.

हो, तुझ्या मांडीवरचासुद्धा. असू दे. धरल्याने काही होत नाही.

निदान कालपर्यंत होत नव्हतं.

काल दुपारी मालकांनी नवीन आलेला खोका माझ्यासमोर उलटा केला. वरचा फोन मी न बघताच उचलला आणि बोटांना कळलं. त्याचा एक कोपरा फुटका होता आणि त्यात फटी बुजवायची राखाडी लांबी भरली होती. त्या लांबीत एक ठसा होता. अंगठा ठेवून पाहिला. माझाच.

तो माझ्या दादाचा फोन होता. कोपरा बाबांनी फोडला होता, भिंतीवर मारून. आम्ही अभ्यास सोडून खेळत होतो म्हणून. दादाने नळवाल्याकडून लांबी आणली आणि मला म्हणाला, "दाब रे, तुझा अंगठा जाड आहे." दादा गेल्यावर पंधरवडा झाला नसेल, बाबांनी तो फोन देऊन टाकला. म्हणाले, मोबाईलने घर बुडवलं. घर मोबाईलने नाही बुडालं. दादाला ताप होता आणि बाबा म्हणाले होते, एवढे पेपर होऊ दे, मग जाऊ डॉक्टरकडे. पेपर झाले. ताप उतरलाच नाही. त्यानंतर मी कॉलेज सोडलं, तर बाबांचे सगळे भाऊ आले मला समजवायला. चहा प्यायले, दादा किती हुशार होता ते सांगितलं आणि गेले. डॉक्टरचं नाव एकानेही काढलं नाही.

असो. बोलत राहिलो की झोप येत नाही, म्हणून बोलतोय.

आम्ही दोघं खेळायचो त्या गेममध्ये एक जड शिळा असायची. एकाने साखळी ओढून धरायची, तोवर दुसऱ्याने खालून निसटायचं. साखळी सुटली की शिळा पडते. दादा नेहमी धरायचा. "जा तू, मी धरलंय," म्हणायचा. मी पलीकडे पोचलो की दोनदा उडी मारायचो. म्हणजे पोचलो, आता सोड. ही खूण आम्ही ठरवलेली. गेममध्ये तिचा काही उपयोग नाही.

काल मालकांनी दिलेला गेम याच आठवड्यात आलाय. दिवा घेऊन एका पायऱ्यांच्या विहिरीत उतरायचं, अगदी तळाशी जायचं आणि वर यायचं. मी तो दादाच्या फोनवर उतरवला. का, ते विचारू नकोस. दुसरा फोन उचलवला नाही.

गेम उघडला. 'नवीन सुरुवात' हे बटण करडं होतं, दाबलं जात नव्हतं. 'पुढे चालू' पेटलेलं होतं.

ज्या फोनवर तो गेम आताच आला, त्यावर पुढे काय चालू असणार? मी दाबलं.

विहिरीचा तळ. ओल इतकी की मला ती नाकाला जाणवली. आपल्या या खोलीत, पंख्याखाली, फोनच्या गरम वासात, ओल्या दगडाचा वास. समोर शिळा. शिळेपुढे दिवा घेतलेला एक जण पाठमोरा उभा. दिव्यात तेल थोडंच. खाली एकच ओळ आली: साखळी धरून ठेवा.

मी अंगठा ठेवला. शिळा उचलली गेली. मी त्याला हलवलं नाही, हलवायला दुसरं बोटच लावलं नव्हतं. तो आपणहून वाकून खालून गेला आणि वरच्या पायऱ्या चढायला लागला. हळूहळू. एका हाताने भिंत धरत. तापात दादा घरात असाच चालायचा.

तेव्हापासून हा अंगठा इथे आहे.

आता बघ हवं तर. सुजलाय, हो. फोन चार्जिंगला लावलाय. पाणी चष्मिस देऊन गेला. बाकीचं विचारू नकोस, बाटलीचे उपयोग दोन असतात. तो संध्याकाळी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. म्हणाला, "अरे, तो चढतोय, मग खाली तळाशी हलतंय ते काय?"

"सावली असेल."

"दिवा वर गेला ना... मग सावली कुणाची?"

चष्मा पुसला, डबा उचलला आणि गेला. सकाळी त्याने मालकांना कळवलं की तब्येत बरी नाही. मालक आले तेव्हा मी इथेच होतो. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, याला म्हणतात निष्ठा. माणूस इतका आंधळा असला की वय वाढतं तसा मालकच होत जातो.

मी थांबलोय फक्त दोन उड्यांसाठी. दादा वर पोचेल, दोनदा उडी मारेल, मी सोडेन. त्याने माझ्यासाठी शंभरदा धरलं. मी एकदा धरतोय. त्याआधी अंगठा उचलला आणि शिळा पडली, तर तो आत की बाहेर, मला ठाऊक नाही. एकदा गेलाय तो. परत माझ्या हातून नको.

पण सकाळी आईचा फोन आला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आई म्हणाली, "जिन्यात कोणीतरी चढतंय रे. मध्येच थांबतं. खोकतं... आपल्या दादासारखं."

मग तिच्या हातातून फोन बाबांनी घेतला. मी कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी बोलले नव्हते.

"तू काय करतोयस?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"काम."

"जे धरलंयस ते सोड."

मी त्यांना साखळीचं सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"दादा आहे तो," मी म्हटलं. "या वेळी तरी त्याला थांबवू नका."

मग म्हणाले, "मी दाराला कान लावून उभा आहे बाळा... एकट्याचे पाय नाहीत ते."

त्यांनी मला बाळा म्हटलं, याचीच मला जास्त भीती वाटली. मी फोन ठेवला. जन्मभर दार लावून घेणारा माणूस, आताही कडी लावूनच बसला असेल, असं म्हणालो स्वतःशी. पण मग विहिरीकडे नीट पाहिलं. तू पण बघ, जवळ ये. वर तो दिवा आहे, तो दादा. आणि इथे खाली, शिळेच्या फटीत... एक वाकलं, गेलं. त्याच्यामागे आणखी एक. दिवे नाहीत त्यांच्याकडे. मी उघडं धरलंय म्हणून येतायत. दादासाठी धरलेलं दार दादापुरतं कसं राहणार, हे मला कळायला हवं होतं.

फळ्यांवर बघ. मघाशी सगळे बंद होते ना? आता खालची रांग पेटलीये. तुझ्या मांडीवरचाही.

थांब, माझा फोन वाजतोय. डाव्या हाताने घेतो. स्पीकरवर ठेवलाय, ऐक.

"आला रे तो," आई म्हणतेय. हसतेय. असं हसताना तिला मी दादा असतानाच ऐकलं होतं. "दाराबाहेर आहे. दोनदा उडी मारली, तुमची ती खूण. बाबा अडवतायत, पण मी कडी काढते."

"आई, थांब. काढू नकोस. मी येईपर्यंत..."

ठेवला तिने.

इकडे बघ. दिवा दिसतोय? दादा अजून पायऱ्यांवरच आहे. अर्ध्यातही नाही पोचला. बसलाय भिंतीला टेकून, दम घेतोय. त्याने अजून उडी मारलेली नाही.

मग दारात उड्या कुणी मारल्या?

मला घरी पळायला हवं, आत्ता. आणि हे सोडता येत नाही. ऐक, तुझा अंगठा आण. माझ्या शेजारी ठेव, मग मी हळूच काढतो. तो वर पोचून उडी मारेपर्यंत उचलू नकोस. खालून येणाऱ्यांकडे बघू नकोस.

काच मऊ लागेल, गरमही. दचकून हात काढू नकोस. पलीकडूनही कोणीतरी अंगठा टेकवलाय, कालपासून.