हिरव्या साडीचा फॉल

बायको वनमाला गेल्याचा फोन आला तेव्हा चंद्रप्रकाश मुलुंडच्या बाजारात हिरव्या चिंधीशी फॉलचा रंग जुळवत होता. चिंधी तिनेच सकाळी दिली होती, कुणा गिऱ्हाइकाच्या साडीची. मुलगी श्रुतिका फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, घरी या." घेतलेला फॉल खिशात कोंबून तो घरी आला.

सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवी साडी आणवली. नवी कोरी, बिनफॉलची. त्याने खिशातला फॉल पुढे केला, तेव्हा शेजारची शेवंती हळूच म्हणाली, "भाऊ, जाताना फॉल कोण लावतं?"

त्याला पटलं. पण जन्मभर लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करणारी बाई स्वतः मात्र बिनफॉलची साडी नेसून गेली, हे मनातून जाईना.

तेरावं झालं. खिशातला फॉल शोधूनही सापडला नाही. मग एका दुपारी, जेवण आवरून ती कामाला बसायची त्याच वेळेला, आतल्या खोलीत मशीन वाजलं. तो धावला. खुर्ची रिकामी होती. पण घडीत पडून राहिलेल्या जांभळ्या साडीला फॉल लागला होता, एक कड मशीनवर, दुसरी हातशिलाईने. शेवंतीने टाके निरखले आणि साडी चटकन खाली ठेवली. वहिनीचाच हात, म्हणाली.

चंद्रप्रकाश हरखून गेला. रोज दाढी करून, धुवट शर्ट घालून दुपारची वाट बघू लागला. अबोलीचा गजरा आणून मशीनवर ठेवायचा. एकेक साडी काढून द्यायचा, ती होऊन मिळायची. मग तिचा आवाजही आला. "अहो, नुसते बघत काय बसलायत? दोरा ओवा. जाऊ दे, तुम्हाला जमतंय थोडंच." लग्न ठरलं तेव्हाही त्याची छाती इतकी धडधडली नव्हती.

श्रुतिका त्याला घाटकोपरला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी नीट समजावलं. धक्का बसला की माणसाला नसलेलं दिसतं, ऐकू येतं. महिन्याच्या आत उतरलं तर तो थोड्या काळाचा विकार, बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. लांबलं तर आजाराचं नावच बदलतं, म्हणून नाव आज सांगता येणार नाही. आणि साड्या तुम्हीच शिवताय, नकळत.

चंद्रप्रकाशने उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठ्याशेजारची दोन बोटं कारखान्यातल्या प्रेसने केव्हाच नेली होती. डॉक्टरांनी त्या हाताकडे एकदा बघितलं. मग त्यांनी गोळ्या लिहिल्या.

"गोळ्या घेतल्या तर ती यायची बंद होईल?"

"हो. तेच हवंय ना आपल्याला?"

श्रुतिका डोळे पुसत होती, म्हणून त्याने गोळ्या घेतल्या.

महिना भरायच्या आत मशीन गप्प झालं. डॉक्टर खूश झाले. पूर्ण बरे आहात, पण हे पुन्हा उलटू शकतं, दोन-तीन वर्षं दाखवत राहा, म्हणाले. श्रुतिकाने पेढे वाटले. त्याच्या तोंडातला पेढा नुसताच घोळत राहिला.

रविवारी श्रुतिका मशीन कुणाला तरी देऊन टाकायचं म्हणून आवरायला बसली. बाजूची पेटी उघडली आणि तशीच थांबली.

"बाबा, ही इथे कशी?"

ती दोन्ही हात पुढे धरून उभी होती. हात रिकामे होते.

"काय गं?"

"आईची हिरवी साडी. मीच नेसवली होती. हा बघा, पदरावर माझ्या हातून सांडलेला कुंकवाचा डाग. तुम्हाला दिसतेय ना?"

त्याला काहीच दिसत नव्हतं.

तिने हात आणखी पुढे केले. त्याच्या हातांवर वजन आलं.

छाती पुन्हा धडधडू लागली, गजरे आणायच्या दिवसांसारखी. डोळे मिटून तो काठ चाचपत गेला. आतून जाड पट्टी. बारीक, सारखे टाके. मग टाके संपले.

बोटाला काहीतरी टोचलं. रक्ताचा थेंब आला.

सुईत दोरा ओवलेला होता.

फॉल अजून एक वीत लावायचा राहिला होता.