पाचव्या क्रमांकाचे समाधान

पाचव्या क्रमांकाच्या घरातल्या हेल्मीला जाऊन आठ महिने झाले होते. तिचे समाधान मात्र दरमहा नोंदले जात होते.

एकाकी वृद्धांना आठवड्यातून एकदा भेटण्याच्या नगरपालिकेच्या योजनेचे मूल्यमापन रित्वाकडे होते. नियम स्पष्ट होता : गावातून पाच समाधानी उत्तरे आली, तरच भेटी चालू राहतील. कोर्पीनिएमी गावातून पाचही येत. फेब्रुवारीच्या अभिप्रायपत्रात हेल्मीने लिहिले होते : ‘स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोठलेल्या तळ्यावर गाडीचे दिवे दिसले, की एकटे वाटत नाही.’

रित्वाने ते तीनदा वाचले, मृत्यूंच्या नोंदीत हेल्मीचे नाव पाहिले आणि गाव गाठले.

भेटींना जाणारी तूली किल्ली घेऊन हेल्मीच्या दाराशी उभी होती.

“हे तू भरलंस?”

“मी जूनमध्येच कळवलं होतं. नाव खोडलं नाही तुमच्या लोकांनी. मेलेल्यांना पत्रं तुम्ही पाठवायची, आणि भुताटकी माझ्या माथी?”

आत आठ महिन्यांची थंडी साचली होती. रित्वा स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. समोर झाडांची काळी भिंत. तळे कुठेच नव्हते.

रस्त्याच्या तोंडाशी पाच टपालपेट्या एकाच फळीवर होत्या. हेल्मीच्या झाकणावरचाही बर्फ कोणीतरी झाडला होता.

रित्वा एकटीच तळ्याकाठच्या एकमेव घरात गेली. चौथ्या क्रमांकाच्या म्हाताऱ्या ओइवाने न विचारताच कॉफी ओतली. तीन कपांत.

“इथून तूलीची गाडी दिसते ना?”

“दिसते.”

“आणि हेल्मीच्या खिडकीतून?”

त्याने किटली पुन्हा चुलीवर ठेवली.

“तिथून झाडं दिसतात. हेल्मी असताना तूली तिथं वर्षभर बसलीये, तिनं तळं लिहिलं नसतं. तळ्याकडे खिडकी तुमचीच. फॉर्म तिच्या पेटीतून काढलात, पण उत्तर स्वतःचं लिहिलंत.”

“चारच उरलो असतो तर तूली बंद झाली असती. बाकी तिघांना हे सांगायला कोण जाणार होतं, बाई?”

“म्हणजे समाधान खोटं होतं.”

“नाव खोटं होतं.”

रित्वाने तिथेच टेबलाशी बसून आठही अभिप्रायपत्रे रद्द केली. मग अहवालात, योजनेच्या दोषांखाली, तिने लिहिले : ‘एक जण मरण पावला, की उरलेल्यांचे एकाकीपण वाढते. योजना नेमकी त्याच दिवशी थांबते. नियम बदलेपर्यंत भेटी थांबवू नयेत.’

“गुरुवारी येईल तूली?” ओइवाने विचारले.

“येईल.”

त्याने तिसरा कप रिकाम्या खुर्चीकडे हलकेच सरकवला, आणि तिकडे वळून म्हणाला, “ऐकलंस, हेल्मी?”