डावीकडचं दार

मिरजेच्या अवधान प्रयोगशाळेत भूपाल मगदुमांनी सकाळपासून दोन म्हशी उडवल्या होत्या. म्हशी आभासी होत्या, एवढंच नशीब.

साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या भूपालरावांना सौम्य बोधक्षीणता जडली होती. म्हणजे माणूस बोलतो-चालतो नीट, पण लक्ष मध्येच क्षणभर निसटतं. अशांचा वाहन परवाना आता प्रयोगशाळेतल्या जागच्या जागी उभ्या गाडीत, पडद्यावरच्या आभासी रस्त्यावर होणाऱ्या चाचणीवर ठरे. डोक्यावरची अवधान-टोपी लक्ष मोजत राही आणि ते निसटलं रे निसटलं, की संगणक नेमकी तेव्हाच म्हैस रस्त्यात सोडे. दुष्टपणाच होता, पण खरा रस्ता तरी वेगळं काय करतो? संधी तीन, आणि दोन वाया गेलेल्या. तिसरीही गेली, तर मळ्यातलं घर सोडून मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं ठरलं होतं. ओढ्यातून जाणारी मळ्याची वाट स्वयंचलित गाड्यांच्या नकाशातच नव्हती. भूपालरावांचा जीव त्या घरात अडकला होता.

"गिअर, ब्रेक, आरसा, सगळं सवयीत मुरलंय," काचेमागे डॉ. शर्वरी इनामदार म्हणाली. "सवयीला लक्ष लागत नाही. नव्या गोष्टीला लागतं आणि तेच त्यांच्याकडे कमी आहे."

"म्हणून तर बोलका सूचक बसवला," अभियंता ऋत्विज कुरकुरला. "लक्ष उडालं की 'कृपया रस्त्याकडे पाहा' म्हणतो. दुसऱ्या फेरीत काका तेच ऐकत बसले आणि म्हशीवर गेले."

"ते वाक्य समजून घेण्यातच उरलंसुरलं लक्ष संपलं ना!"

तिसरी फेरी सुरू झाली, पण भूपालराव स्टिअरिंगवर हात ठेवून नुसतेच बसून राहिले.

"काका, निघा ना."

"दार लागलं नाही."

"सगळी दारं बंद आहेत, काका."

"डावीकडचं. हिचं."

चाचणीच्या वेळी नातेवाइकांनी बाहेर थांबायचं, हा नियम शर्वरीचाच. तिने तो स्वतःच मोडला आणि बाहेरच्या बाकावरून रत्नमालाकाकूंना बोलावलं. काकू पदर सावरत शेजारी बसल्या, दार धाडकन ओढलं आणि गाडी निघाली.

"अहो," थोड्या वेळाने काकू म्हणाल्या. पुढे रस्ता मोकळा होता. मग पुन्हा, "अहो." तेव्हाही मोकळाच. अख्खी फेरी संपली, पण एकही म्हैस आली नाही.

"संगणक बिघडला," ऋत्विज कपाळाला हात लावून म्हणाला. "ही फेरी रद्द करावी लागणार."

रद्द म्हणजे नापास, असंच नियमात होतं. शर्वरीने टोपीचा आलेख पडद्यावर घेतला. टोपी नीट चालली होती. भूपालरावांचं लक्ष ढळू लागे, तेवढ्यात 'अहो' येई आणि ते जागेवर येई. म्हैस सोडण्याइतकं ते एकदाही निसटलं नव्हतं.

"काकू, रस्त्यावर काहीच नव्हतं. मग तुम्ही 'अहो' कशासाठी म्हणत होता?"

"रस्ता कुणी बघितला?" काकू म्हणाल्या. "चष्मा घरीच राहिलाय माझा. मला समोर नुसतं हिरवंगार दिसत होतं."

"मग?"

"ह्यांच्याकडे बघत होते की. मन कुठं गेलं, की ह्यांचा अंगठा चाकावरून सुटतो. लग्न झाल्यापासनं बघतेय."

भूपालरावांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यांना हे आजच कळत होतं.

"मॅडम, तो 'अहो' सवयीतला आहे, समजून घ्यावाच लागत नाही!" ऋत्विज उडालाच. "ध्वनिमुद्रित करून सूचकात घालू."

"आणि वाजवशील कधी? टोपीला कळायच्या आधी काकूंना कळतंय."

शर्वरीने परवाना मंजूर केला. अट एकच: डावीकडच्या सीटवर रत्नमाला मगदूम हव्यात.

परतताना भूपालरावांना अगदी हलकं वाटत होतं. खरा रस्ता लांबवर मोकळा होता.

"अहो."

त्यांनी लगेच वेग कमी केला. "आता काय झालं?"

"हसताना अंगठा सुटला तुमचा," काकू म्हणाल्या. "घरी पोचल्यावर हसा."