मागची सीट

उद्या नदीची फेरी मारायची म्हणता, खुशाल मारा. सोपी फेरी आहे, तुमच्यासारख्या गादीवर वाढलेल्यांनाही जमेल. या काठाने वर जायचं, जुन्या पुलावरून पलीकडे, त्या काठाने खाली यायचं आणि नव्या पुलावरून परत. जुन्या पुलाचा चढ सोडला तर सगळं सपाट. बाकं आहेत, झाडं आहेत, पाण्यात दिवे दिसतात. फक्त पाना सायकलवाल्याच्या दुकानात आकड्याला टांगलेली दोघांची सायकल मागू नका. त्याने पोटच्या लेकीला दिली नाही, तुम्हाला काय देणार?

का दिली नाही, ते सांगतो. ज्याला मध्येच फोन बघायचा असेल त्याने आत्ताच उठावं.

पाना म्हणजे आमचा सायकलवाला. हातात कायम पाना, म्हणून नाव पाना. भूतबित मी मानत नाही. पण पाना खोटं बोलत नाही. खोटं बोलायला डोकं लागतं, ते त्याला देवाने दिलेलं नाही.

दोघांच्या सायकलीला पुढे एक सीट, मागे एक. दोघांची पेडलं एकाच साखळीने जोडलेली. एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरलेच. हँडल आणि ब्रेक पुढच्याकडे. मागच्याला नुसती पुढच्याची पाठ दिसते. म्हणून पद्धत अशी, की पुढच्याने तोंडाने सांगायचं. ‘चढ’ म्हटलं की मागच्याने चढायचं, ‘उतर’ म्हटलं की उतरायचं. न सांगता कुणी पाय टेकला तर दोघं तोंडावर.

पाना आणि त्याची बायको, आमची वहिनी, रोज संध्याकाळी ही फेरी मारायचे. वहिनी बुटकी, तिची सीट अगदी खाली बसवलेली. आणि आळशी म्हणजे किती? पेडलंच तिचे पाय फिरवायची, तिने स्वतः जोर कधी लावला नाही. पाना धापा टाकायचा, म्हणायचा, “अगं, जरा मार की!” ती म्हणायची, “अहो, बैल पुढे जुंपलाय ना, मग मी कशाला?”

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. दुखणं अंगावर काढलं, दुसरं काय.

नोव्हेंबरातला शेवटचा रविवार होता. अंधार लवकर पडला होता. मी दुकानात स्टुलावर बसलो होतो. पानाने ती सायकल काढून पुसली, नवी साखळी घातली.

“उद्या लेक येतेय जावयाला घेऊन,” म्हणाला. “त्यांना देऊन टाकतो. इथे नजरेसमोर नको.”

“मग मागची सीट वर घे. लेक आईवर गेलेली नाही, उंच आहे.”

“जाम झालीय. पंधरा वर्षांत हलवली कुठे?”

तेल सोडून झालं, हातोडा मारून झाला. शेवटी मी सायकल धरली आणि तो सीटला लोंबकळला. दांडा केसभर हलला नाही.

“मरू दे. सकाळी बघतो. साखळी कशी चालते ते एक फेरी मारून बघून येतो.”

“एकटाच?”

“का, तू बसतोस मागे?”

“माझे गुडघे तुझा बाप भरून देणार का?”

हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला. सायकलीवर टांग टाकली, एक पाय जमिनीवर ठेवला आणि सवयीने म्हणाला, “चढ.”

म्हणाला, आणि थांबला. वहिनीला बसायला जेवढा वेळ लागायचा तेवढा थांबला. मग त्याच्या लक्षात आलं. माझ्याकडे न बघता निघून गेला.

मागचं चाक जरासं दबलेलं मला दिसलं. हवा कमी असेल, म्हटलं मी.

आता पुढचं पानाने सांगितलं तसं सांगतो.

जुन्या पुलाचा चढ आला. दम लागायला हवा होता, लागला नाही. सायकल अलगद वर गेली. मागून कुणीतरी जोर लावत होतं.

त्याच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे.

“आलीस?” म्हणाला.

पेडलं तेवढी फिरत राहिली.

पूल उतरताना तो बोलायलाच लागला. लेक येतेय. तुझी कुंडी वाळली, मीच पाणी घालायचं विसरलो. घरात चहा कुणासाठी करायचा तेच कळत नाही... असलं काहीबाही. मागे वळून बघायचा धीर मात्र झाला नाही. बघितलं आणि नसली तर?

पलीकडच्या काठाला दिवे कमी. झाडं दाट. वेग वाढला.

“हळू गं.”

आणखी वाढला.

तेव्हा त्याच्या मनात आलं... हिने तर कधी पेडल मारलं नाही. पंधरा वर्षांत एकदाही नाही.

त्याने पाय सैल सोडले. पाय फिरतच राहिले. त्याने दोन्ही पाय उचलून धरले. खाली पेडलं फिरत होती. रिकामी. भराभर.

ब्रेक दाबला. रबर किंचाळलं. वेग तसाच.

पुढे वळण होतं. रस्ता डावीकडे वळतो. सरळ गेलं की होड्यांच्या पायऱ्या. त्याखाली पाणी. एवढ्या वेगात हँडल वळवलं असतं तर आडवाच झाला असता.

काय म्हणायचं ते त्याला ठाऊक होतं. एकच शब्द. पण जीभ उचलेना.

तीच असली तर?

एकदा उतर म्हटलं, की ती गेली. कायमची.

पायऱ्या दिसल्या...

“उतर.”

...

पेडलं थांबली, ब्रेक लागला. पुढचं चाक पहिल्या पायरीवर लटकत होतं. पाण्यात काही पडलं नाही. पाऊल वाजलं नाही. काही नाही.

तो सायकल हाताने ढकलत आला. मी शटर अर्धं ओढून वाट बघत होतो. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, “आणि तीच असली तर रे? मी तिला... उतर म्हटलं.”

सायकल आत घ्यावी म्हणून मी ती दिव्याखाली ओढली.



मागची सीट वर आलेली होती. पार शेवटच्या खुणेपर्यंत. पंधरा वर्षं नळीत दडलेला दांडा दीड वीत बाहेर निघून लखलखत होता. बोल्ट गच्च आवळलेला.

पानाने दांड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “ती नव्हती.” आणि रडला.

सीट अजून तशीच आहे. मी तिच्यावर बसून पाहिलंय. मी काही ठेंगणा नाही. माझे पाय पेडलांच्या वरच लोंबकळत राहिले.